आप्पा, अरे की अहो?

आप्पा,

काल ऑफिसात तुमची शोकसभा झाली. तुमच्या फोटोला हार घातला होता. कुलकर्णी कॅशियर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आप्पांच्या जाण्यानं संस्थेत मोठी पोकळी निर्माण झाली आहे." मला एकदम तुमचा आवाज ऐकू आला. "पोकळी कसली रं? खताचं गोडाऊन हाय का मी?" मी तोंडाला पदर लावला. सगळ्यांना वाटलं, साळवेबाई रडतायत. थोड्या वेळानं खरंच रडायला लागले, तेव्हा मात्र कुणाचं लक्ष नव्हतं.

मलाही बोलायला उभं केलं. मी "आप्पा" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. सभेत तुमच्याविषयी बोलायचं होतं, आणि मला तुमच्याशी बोलायचं होतं. आपलं भांडण अर्धवट राहिलंय. दौंडच्या या शेतकी सोसायटीत मी टायपिस्ट म्हणून लागले त्या दिवशी सुरू झालेलं भांडण, तुम्ही गेलात तरी मिटलेलं नाही. मला तुमच्या तोंडून एकदा "साळवेबाई, तुम्ही" ऐकायचं होतं. तुम्ही शेवटपर्यंत "अगं विमल"वरच राहिलात.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाला देवासारखं 'तू' म्हणावं. मी म्हणणार नाही. तुम्ही हट्टी असाल, तर मीही म्हादू खलाशाची पोरगी आहे.

दुष्काळाचं साल होतं. मी मॅट्रिक, मराठी टायपिंगची परीक्षा पास, आमच्या बौद्धवस्तीतून ऑफिसात नोकरीला लागलेली पहिली मुलगी. आईनं ठेवणीतलं पातळ नेसवलं. बाबांनी रेल्वेलाईन ओलांडून ऑफिसच्या दारापर्यंत सोडलं, आणि आत न येता तसेच मागं फिरले. तुम्ही हेडक्लार्क. मान वर न करता विचारलंत, "नाव?" मी आख्खं सांगितलं, विमल महादेव साळवे. तुम्ही म्हणालात, "विमे, ती मशीन बघ तुझी. तिचा 'क्ष' अडकतोय. शिव्या दिल्या की सुटतो."

शिव्या देऊन पाहिल्या. सुटला. पण 'विमे' काही माझ्या कानातून सुटेना.

आपल्या ऑफिसात हाका मारायची एक उतरंडच होती. सगळ्यात वर चेअरमनसाहेब, त्यांना हाक मारायची नाही, त्यांनी मारली की धावायचं. त्यांच्याखाली कुलकर्णी. वयानं तुमच्या मुलाएवढे, तरी "कुलकर्णीसाहेब". आणि तळाला सखाराम शिपाई. मिशा पांढऱ्या झालेल्या, घरात नातवंडं, आणि कालची आलेली पोरंसुद्धा ओरडायची, "ए सख्या, पाणी!" मी त्या उतरंडीत नक्की कुठं बसते ते पहिल्याच आठवड्यात कळलं. माझ्या टेबलावरच्या तांब्यातलं पाणी कुणी पीत नसे. विचारलं की प्रत्येकाला तहान नसायची. ऐन वैशाखात, दौंडसारख्या ठिकाणी, एवढी तहान नसलेली माणसं मी दुसरीकडं कुठं पाहिली नाहीत. तुम्ही तेवढे सरळ येऊन तांब्या तोंडाला लावायचात आणि वर म्हणायचात, "विमे, गरम हाय गं पानी, माठ आण एखादा."

म्हणून तर तुमच्याशी भांडायची हिंमत झाली. मी विचारलं, "आप्पा, कुलकर्ण्यांना अहो आणि मला अगं, असं का?"

"कुलकर्णी परका हाय. तू आपली हायेस."

"आणि सखारामभाऊ?"

"त्यो तर लईच आपला हाय."

"म्हणजे आपल्या माणसाला पाणी भरायला लावायचं आणि परक्याला पंख्याखाली बसवायचं?"

तुम्ही पेन कानावर खोचलंत आणि कुलकर्ण्यांकडं वळलात. "साहेब, ही पोरगी आपन टायपिंगला घेतली का वकिलीला?" मग मला म्हणालात, "लई हौस आसंल तर तू कर सुरू. म्हन सगळ्यांना अहो. बघू किती दिस टिकती."

मी दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली, आणि सुरुवातीलाच तोंडघशी पडले. दुपारची वेळ. सखारामभाऊ बाहेर ओट्यावर बसले होते. मला कागदांचा गठ्ठा हलवायचा होता. नाव घेऊन हाक मारली तर एवढ्या वडीलधाऱ्या माणसाचा मान काय राहिला, असा विचार करून मी आतूनच गोड आवाजात हाक मारली, "अहो! अहो, ऐकलंत का? जरा आत येता का?"

कुलकर्णी खुर्चीतून अर्धे उठले आणि लालबुंद होऊन परत बसले. तुम्ही दोन्ही हात वर केलेत. "मी न्हाई हां. मी म्हातारा हाय." आणि नेमकी त्याच वेळी सखारामभाऊंची बायको पारूबाई भाकरीचं फडकं घेऊन दारात उभी. फडकं तिनं टेबलावर आदळलं.

"ह्यास्नी अहो म्हननारी तू कोन गं?"

सखारामभाऊ धावत आले. "आगं, त्ये ऑफिसातलं अहो हाय. घरचं न्हाई!"

"अहो काय दोन-दोन असत्यात व्हय? तीस वरसं मी नाव घेतलं न्हाई तुमचं, आन् ही टवळी यिऊन माजंच अहो पळवाया लागली!"

तुम्ही टेबलाचा खण उघडून त्यात तोंड घातलंत. आम्हाला वाटलं, काही शोधताय. पण खणातून हसण्याचा आवाज यायला लागला. शेवटी मीच पारूबाईंना खुर्ची दिली, तांब्यातलं पाणी दिलं. रागाच्या भरात त्या ते गटागटा प्यायल्या, आणि मी सगळं समजावून सांगितलं. नुसतं अहो म्हणायचं नाही, पुढं नाव लावायचं, असा तह झाला. जाताना त्या दारातून म्हणाल्या, "विमलबाई, तुमच्या भाऊंना सांगा, भाकरी गरम हाय तवर खावा." मला 'बाई' म्हणणारं ते ऑफिसातलं पहिलं माणूस. ते ऑफिसात नोकरीला नव्हतं, हा भाग वेगळा.

मग हळूहळू पोरं "सखारामभाऊ" म्हणायला लागली. कुलकर्णी अडखळत "साळवेबाई" म्हणाले. सगळं ऑफिस सुधारलं, एक तुम्ही सोडून.

संध्याकाळी तुम्ही शटल पकडून यवतला उतरायचात आणि तिथून सायकलनं कासुर्डीला. माझं घर लाईनीच्या पलीकडं. त्यामुळं स्टेशनापर्यंत वाट एक आणि भांडणही एक. तुम्हाला गाडीची भलती घाई. गाडी फलाटावर निवांत उभी असायची, इंजिनसुद्धा लागलेलं नसायचं, आणि तुम्ही धोतराचा सोगा धरून पळायचात. मी म्हणायचे, "आप्पा, गाडीला अजून वेळ आहे." तुम्ही म्हणायचात, "गाडी थांबती व्हय कुनासाठी?" मुद्दा ऐन रंगात आला की डब्यात चढायचात आणि खिडकीतून ओरडायचात, "राह्यलेलं उद्या!"

तुमचा मुद्दा मला पाठ झाला होता. "आगं, अहो म्हनलं की मानूस पाव्हना होतं. पाव्हन्याला च्या पाजत्यात आन् वाटंला लावत्यात. घरच्याला कोन अहो म्हनतं? आईला म्हनतो का? खंडोबाला म्हनतो का?"

"तुमच्या खंडोबाचं तुम्ही बघा. माझं मला सांगा."

"तुला अरे-तुरे करतो म्हंजी तू घरची. सगळ्यांनी सगळ्यांना अरे म्हनावं, की झाली समता!"

"मग चेअरमनला म्हणा ना अरे."

यावर तुम्हाला एकदम गाडीची आठवण व्हायची.

एकदा मात्र मी चिडले. म्हटलं, "आप्पा, माझ्या बाबांना गावातली शेंबडी पोरं 'ए म्हाद्या' म्हणायची. रेल्वेत खलाशी झाले, तिथंही 'ए म्हाद्या'. एवढ्या सगळ्यांच्या घरचे होते का ते? मग उंबऱ्याच्या आत कुणी कधी घेतलं नाही ते? तुमचं अरे मायेचं असेल. पण ते अरे आणि हे अरे कानाला एकच लागतं. फरक कानानं कसा करायचा?"

तुम्ही जागच्या जागी उभे राहिलात. इंजिनानं शिट्टी दिली तरी पळाला नाहीत. मग विचारलंत, "बाप काय म्हनतो तुजा?" मी म्हटलं, "बाबा काही म्हणत नाहीत, म्हणून तर मी म्हणते." गाडी हलल्यावर कसेबसे चढलात. त्या दिवशी खिडकीतून आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलात आणि सखारामभाऊंना "सखाराम" म्हणालात. तुमच्या तोंडचा 'सख्या' कायमचा गेला. माझ्याकडं वळलात, जरा थांबलात, आणि म्हणालात, "विमल, कालचा कागद झाला का?" 'विमे'ची 'विमल' झाले होते. एवढ्या भांडणाला एवढंच फळ. मी मनात म्हटलं, या वेगानं 'बाई'पर्यंत पोचायला मला सातवा जन्म लागेल, आणि आम्ही तर पुनर्जन्म मानत नाही.

खरं तर तुमच्याही हातात हुकमाचं पान होतं. तोंडावर मी "अहो आप्पा" म्हणायचे, पण घरी गेले की "आज आप्प्या असा वागला, आप्प्यानं तसं केलं" असंच सुरू असायचं. एकदा आमच्याकडं आलेल्या पारूबाईंनी ते ऐकलं, सखारामभाऊंनी तुमच्यापर्यंत पोचवलं, आणि तुम्ही रागवायचं सोडून ऑफिसभर पेढे वाटलेत. "आप्प्या म्हनाली! आली एकदाची पोरगी मानसांत!"

मग वरून कागद आला, की संस्थांनी सामाजिक समतेसाठी काहीतरी करून दाखवावं. आता चेअरमन रावसाहेब माणूस वाईट नव्हते, फक्त त्यांना फोटोची हौस होती. 'करून दाखवावं' यातलं 'दाखवावं' त्यांनी नेमकं पकडलं. सगळ्यांना बोलावून, विहिरीत उडी मारायला निघाल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "वार्षिक सभेत, समद्या सभासदांसमोर, मी ह्या साळव्यांच्या पोरीच्या हातचं पाणी पिणार!"

कुलकर्णी म्हणाले, "केवढा मोठेपणा, साहेब!" आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले, मी आता पाया पडणार की काय म्हणून.

मी म्हटलं, "साहेब, मी टायपिस्ट आहे. पाणी सखारामभाऊ देतात."

"आगं, पर सख्याच्या हातचं पिऊन फोटोला अर्थ काय ऱ्हातो?"

माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. संध्याकाळी फलाटावर तुम्हाला म्हटलं, "आप्पा, नाही म्हटलं तर नोकरी जाईल. हो म्हटलं तर जन्मभर त्या फोटोत तांब्या धरून उभी राहीन. घरी बाबांना काय दाखवू?" मला रडू येत होतं. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "तांब्या चिंचेनं घासून ठिव." मी तुमच्याशी बोलणं टाकलं.

सभेला मांडव भरला होता. भांडगाव, पाटस, यवत, सगळीकडचे सभासद आले होते. अहवाल नेहमी तुम्ही वाचायचात, मी फक्त टाईप करायचे. फोटोवाला पुढं येऊन उभा राहिला, चेअरमननी टोपी नीट केली, आणि तुम्ही माईकसमोर जाऊन हाक मारलीत, "ए विमल, ये गं हिकडं!"

सगळ्या तालुक्यासमोर 'ए विमल'. माझे कान तापले. मी ट्रे घेऊन स्टेजवर चढले. तुम्ही माझ्या हातातून ट्रे काढून घेतलात आणि हातात अहवाल ठेवलात. माईकवर म्हणालात, "मंडळी, अहवाल हिनं टाईप केलाय. हिच्या मशीनचा 'क्ष' हिलाच वाचता येतो. तवा हीच वाचंल." मग ट्रे घेऊन चेअरमनकडं वळलात. माईक चालूच होता. "घे रं रावश्या. तिच्याच तांब्यातलं हाय. तिच्या हातचं पानी चालतंय, तर तिच्या हातचं टायपिंगबी चालंल की तुला."

चेअरमन आणि तुम्ही यवतच्या शाळेत एका बाकावर होता, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. भांडगावचा एक म्हातारा मागून ओरडला, "आरं रावश्या, पी की! का पंचांग बघाया पायजे?" आख्खा मांडव हसला. चेअरमनही हसले, प्यायले, निम्मं सदऱ्यावर सांडलं. तेवढ्यात फोटो निघाला. तो अजून ऑफिसात आहे. चेअरमन पाणी पितायत, तुम्ही ट्रे धरून उभे, आणि मागं मी माईकसमोर, हातात कागद, तोंड 'सन्माननीय सभासद'मधल्या 'मा'वर उघडलेलं. तोच फोटो मी बाबांना दाखवला. बाबांनी तो बराच वेळ हातात धरला. म्हणाले, "आप्पाला एकदा घरी जेवाया बोलाव."

तुम्ही आलात, जेवलात, आणि बाबांना "महादेवराव" म्हणालात. बाबांनी इकडं तिकडं बघितलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून. आप्पा, त्या एका शब्दासाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे. पण त्याच रात्री तुम्ही मला म्हणालात, "ए विमल, अजून एक भाकर वाढ."

मी तुम्हाला ऐकवलंच. सगळ्या तालुक्यासमोर 'ए विमल' का? तुमचं उत्तर तयार होतं. "आगं, चेअरमनला रावश्या म्हनालो, तुला विमल म्हनालो. म्हंजी तुजा नंबर चेअरमनच्या वर झाला का न्हाई?"

फोटो छापून आला, त्यामुळं मला काढणं अवघड झालं आणि मी कायम झाले. तुम्हाला मात्र 'प्रशासकीय सोयीसाठी' शिरूरच्या खताच्या गोडाऊनला पाठवलं. शटल सुटली, भांडण सुटलं. तक्रार नाही, काही नाही. उलट म्हणालात, "शिरूरच्या घोडनदीचं पानी पचायला हलकं आसतं." मी कामाचे कागद घेऊन एस.टी.नं शिरूरला यायचे. पहिल्यांदा आले तर तुम्ही युरियाच्या पोत्यावर बसून अदबीनं बोलत होतात, "या बाई, बसा. दूध घ्या जरासं. आज उशीर केलात." मी हरखलेच. दारातून आत पाऊल टाकलं, तर समोर एक पिवळी मांजर.

"तुजंच ऐकलं," तुम्ही म्हणालात. "एकीला तरी बाई म्हनाया लागलो. आता बोल!"

मी मांजरीवर जळले, आप्पा. खरंच जळले.

निवृत्तीच्या आधी तुम्हाला परत दौंडला आणलं. शेवटच्या दिवशी तुमच्या टेबलाच्या किल्ल्या माझ्याकडं आल्या. तुम्ही विचारलंत, "आता पोरं तुला काय म्हनत्यात?"

"साळवेबाई."

"आन् चेअरमन?"

"तेही बाईच म्हणतात."

"मग जितलीस की!"

"तुम्ही कुठं म्हणता?"

तुम्ही धोतराचा सोगा उचललात. "मी मेल्यावर म्हनंन." आणि शटलकडं निघालात. गाडीला अजून इंजिनही लागलेलं नव्हतं.

त्यानंतर महिनासुद्धा झाला नाही. झेंडूच्या रानात पाणी धरायला गेलात आणि बांधावर बसलात ते उठलाच नाहीत. निरोप आला तेव्हा मी टाईप करत होते. 'क्ष' अडकला होता. शिवी तोंडातून निघेना.

तिसऱ्या दिवशी मी कासुर्डीला आले. तुमच्या अंगणात बायका बसल्या होत्या. मला कुणी ओळखत नव्हतं, मी कुणाला ओळखत नव्हते. दाराशीच घुटमळले. आमच्या घरातली सवय, परक्याच्या उंबऱ्यापाशी पाय आपोआप थांबतात. तुमच्या पत्नींनी मान वर केली. "कोन म्हनायचं?"

"मी विमल. दौंडच्या ऑफिसातली."

त्यांनी डोळे पुसले, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हंजी साळवेबाई? तुमीच? अवो, एवढ्याशा?" सुनेला हाक मारून म्हणाल्या, "बघ गं, साळवेबाई आल्यात!" मग मला हाताला धरून आत नेलं, स्वतःच्या शेजारी बसवलं. "घरात रोज तुमचं नाव. साळवेबाई आसं म्हनाल्या, साळवेबाईंनी तसं केलं, त्यांना न्हाई पटायचं हे. मला वाटायचं, कुनी म्हाताऱ्या मास्तरीनबाई आसतील, काठी टेकत येनाऱ्या."

"कधीपासून?" मी विचारलं. "कधीपासून म्हणायचे असं?"

"पैल्या दिसापासनं की. आले तवाच म्हनाले, आज एक बाई आल्यात ऑफिसात. मशीनला शिव्या द्यायला लावल्या त्यांना, बिचाऱ्या लाजल्या."

आप्पा, मी तुमच्या घरात, भरल्या सुतकात, मोठ्यानं हसले. आणि मग असं रडू फुटलं की तुमच्या घरच्यांनाच मला धरावं लागलं. केवढे लबाड तुम्ही! जग तोंडावर अहो म्हणतं आणि पाठ वळली की तो, ती. मीसुद्धा तेच केलं. तुम्ही उलटं केलंत. तोंडावर तू, आणि मी नसताना 'त्या'. ज्या कानांपर्यंत पोचायला हवं होतं तेवढे माझे दोन कान सोडून सगळ्या कासुर्डीला ऐकवलंत. आणि मेल्यावर म्हणेन म्हणाला होतात, तो शब्दही पाळलात. माझं म्हणणं अजूनही तेच आहे, की तोंडावर म्हणायला हवं होतं. बाबांच्या कानांचा प्रश्न तसाच आहे. तो मुद्दा मी सोडणार नाही.

पण आता तुम्ही कायमचे पाठीमागं असणार. तिथं मी तुमचीच रीत पाळीन. घरी, ऑफिसात, कुठंही, 'आप्प्या' बंद. "आप्पा असं म्हणायचे, त्यांना हे पटलं नसतं," असंच म्हणेन. म्हणजे तोंडावरचं तेवढं राहिलं. तर आज तुम्ही समोर आहात असं धरते आणि एकदाच तुमच्या पद्धतीनं बोलते.

अरे आप्पा, एवढी कसली घाई होती तुला? गाडीला अजून वेळ होता की रे.